दिल्ली म्हणजे अकरा लातूर

आमच्या गल्लीतलं कुणी गावाला गेलं, की ते पोचल्याची बातमी गुंडेराव देत. तार नाही, टपाल नाही, निरोप्या नाही. स्वतःच्या ओट्यावर बसल्या जागी त्यांना ती कळे. कळली की ते आत जात, कचेरीच्या दिवसांतली जुनी शेरवानी चढवत, टोपी घालत, गल्लीच्या मधोमध येऊन उभे राहत आणि खड्या आवाजात पुकारा करत, "किशनची माय! किशन पोचला लातूरला! मारा झाडू!"

आणि किशनची माय झाडू मारायला घेई.

ज्यांच्याकडे हा रिवाज नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरचं माणूस प्रवासाला निघालं, की ते मुक्कामी पोचेपर्यंत घर झाडायचं नाही. झाडलं तर त्याची पावलं पुसली जातात, असं आमच्याकडच्या बायका मानत. आता पोचल्याचं कळायचं कसं? इतर गल्ल्यांत लोक दोन-चार तास जाऊ देत आणि मग देवाचं नाव घेऊन झाडू उचलत. गुंडेरावांना हा गबाळा कारभार मान्य नव्हता. "अंदाज? मानूस काय ज्वारी हाय का, मुठीनं मोजायला?"

ही गोष्ट नांदेडची, निजामाच्या राज्याच्या अगदी शेवटच्या वर्षांतली. राज्य राहतं की जातं यावर चावडीपासून चहाच्या हॉटेलापर्यंत सगळीकडे कुजबुज चाले. आमच्या गल्लीत मात्र मोठा प्रश्न एकच असे : अमका पोचला का नाही?

गुंडेरावांनी उभी हयात तहसील कचेरीत उर्दू कागदांच्या नकला उतरवण्यात घालवली होती. बायको लवकर गेली. एकुलती लेक सरू, ती लातूरला दिली. मी त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहणारा शाळामास्तर, वय पंचविशीच्या आत, मूळचा नायगावचा. त्यामुळे त्यांचं पोचवण्याचं काम मला पहिल्या रांगेत बसून बघायला मिळालं. आणि काय सांगू, त्या काळी नांदेडात कंपनीची नाटकं येत, पण गुंडेरावांच्या ओट्यापुढे ती फिकी!

कुणी निघालं, की आधी त्याची उलटतपासणी होई. मोटार कोणती? डायव्हर कोण? जागा खिडकीशी का मधी? पुरचुंडीत काय? मोटार सुटली, की गुंडेराव ओट्यावर मांडी ठोकत, डोळे अर्धे मिटत आणि तिच्याबरोबर निघत.

"सोनखेड गेलं... आता लोहा. डायवर उतरला. बिडी वढून राहिला. किशन बी उतरला. अरे उतरू नको बेट्या, जागा जाईल! ... गेली. गेली जागा. पागोट्यावाला बसला."

आणि किशन तिकडे उभा आहे म्हणून इकडे गुंडेरावांचा जीव अहमदपुरापर्यंत खालीवर होई. अहमदपूरच्या अलीकडे एका चिंचेखाली हॉटेल होतं. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक प्रवाशाला गुंडेराव तिथं चहा पाजत. "चहा कडक हाय," ते मला खाजगीत सांगत, "पर साखरंला हात आखडता घेतो लेकाचा."

एकदा मी शेताच्या कामाला नायगावला जाऊन आलो. उंबऱ्यात पाय ठेवतो तर गुंडेरावांनी विचारलं, "मास्तरा, कृष्णूरापाशी चाक पंक्चर झालं व्हतं ना?"

"नाही हो काका."

"न्हाई?" त्यांचा चेहरा पडला. "मंग म्या ती मोटार कामून ढकलली?"

मी हसत हसत खोलीत शिरलो आणि थबकलो. कोपऱ्यात मी जाताना सांडलेली शेंगांची टरफलं तशीच होती. माझे आईबाप मी लहान असताना एकाच साथीत गेले. मामाच्या घरून शाळेला निघालो, मामाही गेला, मग हैदराबाद, मग नांदेड; एवढ्या वेळा एवढ्या घरांतून बाहेर पडलो, पण माझ्या मागे कुणी झाडू अडवून धरला होता असं कधी झालं नव्हतं. ती टरफलं मी बराच वेळ उचलली नाहीत.

तर असे हे गुंडेराव. आणि हे गृहस्थ स्वतः कधी गंगा, म्हणजे आमची गोदावरी, उतरून पलीकडे गेले नव्हते! सरूचं लग्न नांदेडात झालं, ती लातूरला गेली, आणि तेव्हापासून बापानं लेकीचं घर पाहिलं नव्हतं. तिला मुलगा झाला. बारसं झालं, आजोबा नाहीत. पोर रांगायला लागलं, आजोबा नाहीत. सासरी सरूला ऐकून घ्यावं लागे. ती निरोपावर निरोप धाडी, आणि गुंडेराव म्हणत, "ऊन लई हाय." हिवाळ्यात म्हणत, "थंडी लई हाय." किशनच्या मायनं एकदा तोंडावर सांगितलं, "काका, लोकाईला पोचवता अन् सोताच्या लेकीच्या दारात पाय न्हाई तुमचा. ते पोरगं उद्या चालायला लागंल, मंग तेच येईल तुमाला न्यायला."

गुंडेरावांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

आणि अशात मी विमानात बसायचं ठरलं.

हसू नका. झालं असं, की आमच्या भागातल्या एका जहागीरदारांचा कान ठणकत होता आणि त्यांना दिल्लीच्या हकिमाकडे जायचं होतं. ऐपत होती, हौस होती, विमानाची तिकिटं काढली. बरोबर जायचा मुन्शी विमानाचं नाव ऐकून तापानं आडवा झाला. उर्दू-इंग्रजी लिहिता येणारं, मागे रडणारं कुणी नसलेलं माणूस हवं होतं. कुणीतरी माझं नाव सुचवलं.

ही बातमी मी गुंडेरावांना सांगितली तेव्हा ते शेव खात होते. हात हवेतच राहिला. "कुठून कुठं?"

"हैदराबादेत बेगमपेठेहून विमान सुटतं. मधे नागपूरला उतरतं. मग दिल्ली."

"वाटंत गावं कोनती?"

"आकाशात कुठली गावं, काका!"

त्यांनी शेव खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी भर वर्गात गुंडेराव हजर! शेरवानीत! हातात शिवणाचा दोरा, तो शेजारच्या हाफिजाबीकडून आणलेला. ती गल्लीतल्या सगळ्यांचे सदरे शिवायची. भिंतीवर हिंदुस्थानचा उर्दू नकाशा होता. गुंडेरावांनी नांदेड ते लातूर दोरा लावला, चिमटीत धरला आणि तेवढ्या मापावर गाठ मारली. मग हैदराबादेपासून दिल्लीपर्यंत मापावर माप टाकत, गाठीवर गाठ मारत ते नकाशा चढत गेले. शेवटी स्टुलावर उभे राहिले. पोरं श्वास रोखून बघत होती.

"अकरा!" वरून आवाज आला. "मास्तरा, दिल्ली म्हंजे अकरा लातूर!"

माप चुकीचं नव्हतं हो. पण पुढचा हिशेब ऐका. एका लातूरला मोटारीनं सकाळपासून दुपार. अकरा लातूर म्हणजे अकरा दुपारी. अकरा ठिकाणी चहा, अकरा ठिकाणी डायव्हरची बिडी. मी म्हटलं, "काका, विमान सकाळी निघून त्याच दिवशी दुपारी दिल्लीला उतरतं."

"अकरा लातूर? एका जेवनात?"

"हो."

ते स्टुलावरून उतरले आणि दाराशी जाऊन हळूच म्हणाले, "इतक्या जोरात मला धावता येईल का रे?"

मी निघालो त्या दिवशीचं पुढचं मला हाफिजाबीनं सांगितलं, तेव्हा त्यात तिचं तिखटमीठ आहे असं समजून घ्या. विमान सुटायच्या वेळी गुंडेराव गाठींचा दोरा हातात घेऊन ओट्यावर बसले. पहिली गाठ सरकली. दुसरी सरकली. ना सोनखेड, ना लोहा, ना पागोटेवाला. नुसतं आभाळ. कपाळावर घाम. हाफिजाबीला ती जपमाळच वाटली. म्हणाली, "क्या जी गुंडेराव, तसबी फिराते क्या?"

"बोलू नको बाई. मास्तर हातात हाय माझ्या."

चौथ्या गाठीशी नागपूर आलं. गुंडेरावांनी मला खाली उतरवलं, चहा पाजला, वर एक संत्रंही दिलं. आणि मग, "आता चढून राहिला... चढून राहिला..." असं म्हणत ते जे थांबले ते थांबलेच. दुपार टळली. दिवे लागले. गल्ली वाट बघतेय.

किशनची माय म्हणाली, "काका, पोचला असंल आता. म्हना पोचला."

"न्हाई. नागपुरात हाय."

दुसरा दिवस उजाडला. "नागपुरात हाय." एरवी हा रिवाज जाणाऱ्याच्या घरापुरता असे, पण विमान म्हणजे मोठी जोखीम, म्हणून गुंडेरावांनी गल्लीभरचे झाडू बंद करून ठेवले होते. तिसऱ्या दिवशी हाफिजाबीचा धीर सुटला. "अजी, वो बच्चा अभी तलक नागपूर में च बैठा क्या? इधर मेरी चिंद्यां गले तक आगए!"

आणि वाचकहो, बच्चा खरोखरच नागपुरात बसला होता! जहागीरदारसाहेबांच्या कानानं वरच्या हवेत असा दगा दिला, की नागपूरला उतरताच त्यांनी जाहीर केलं, "हम यहीं रहेंगे." विमान निघून गेलं. मी दोन दिवस त्यांच्या कानात कोमट तेल घालत होतो. मग त्यांना समजावून, दटावून, कानात कापसाचे बोळे कोंबून पुढच्या विमानात चढवलं, आणि दिल्लीला पाय टेकताच पहिलं काम केलं ते गुंडेरावांना तार ठोकण्याचं.

तार आली. शेरवानी चढली. पुकारा झाला. म्हणतात की त्या दिवशी आमच्या गल्लीतून जी धूळ उठली ती गुरुद्वाऱ्यापर्यंत दिसली.

मी परतलो तो एका सिद्धपुरुषाच्या घरी! लोक लांबून बघून जात होते : हेच ते, ज्यांना नागपूर दिसलं. मी दार लावून घेतलं आणि विचारलं, "काका, खरं सांगा. मी नागपुरात अडकलोय हे कळलं कसं?"

"कळलं कुठं? मला तुला चढवता येईना."

"म्हणजे?"

"बेगमपेठंत जहागीरदाराच्या मानसांनी तुमाला बसवून दिलं. नागपुरात तुझ्या वळखीचं कोन हाय? चढवनार कोन? मी लई जोर लावला. न्हाई चढलास."

मी पोट धरून हसलो. म्हटलं, "अहो, मग गल्लीचे एवढे हाल कशाला? सांगून टाकायचं पोचला म्हणून!"

गुंडेराव हसले नाहीत. "वाटंवरच्या मानसाला असं मधी सोडत न्हाईत मास्तरा. घरी कुनीतरी धरून बसावं लागतं. त्यानं सोडलं, की मानूस वाटंत एकटं पडतं."

मग मी विचारू नये ते विचारलं. "काका, तुम्ही लातूरला का जात नाही?"

त्यांनी टोपी काढली, आतून पुसली, पुन्हा घातली.

"म्या निघालो," ते म्हणाले, "तर वट्यावर कोन बसंल?"

एवढंच. ऊन नाही, थंडी नाही. ज्याच्यासाठी घरात झाडू धरून बसणारं कुणी उरलं नाही, तो माणूस उंबरा ओलांडायला भीत होता.

"मी बसेन," मी म्हणालो.

"तू?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुला सोनखेड आधी का लोहा आधी, हे तरी म्हाईत हाय का?"

"सोनखेड."

"हं. सांगितलंय कुनी तरी."

पुढचे काही दिवस माझी परीक्षा चालली. मी नापास करणारा मास्तर, पण असा कडक परीक्षक पाहिला नाही. लोह्याला डायव्हर उतरला तर प्रवाशानं काय करायचं? जागा सोडायची नाही. अहमदपूरच्या अलीकडे काय? चिंच. चिंचेखाली? हॉटेल. साखर? कमी. शेवटी एका सकाळी नातवासाठी लाकडी गाडा काखोटीला मारून गुंडेराव मोटारीत बसले. खिडकीतून वाकून म्हणाले, "झोपू नको हां. मला सोनखेडातच सोडशील."

मी ओट्यावर बसलो. सोनखेडापर्यंत नेलं त्यांना नीट. लोह्याच्या पुढे माझं मन पोरांच्या वह्यांकडे गेलं, आणि भानावर येतो तर गुंडेराव कुठाहेत पत्ता नाही!  पुन्हा लोह्यापासून सुरुवात केली. हे काम किती अवघड आहे ते मला त्या दिवशी कळलं. दुपार झाली. पुकारा करायची वेळ आली. मी गल्लीच्या मधोमध जाऊन उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि आवाज फुटेना. पोचले असतील का? मला कोण सांगणार? पोचल्याचं सांगणारा माणूसच गावाला गेलेला. मी गपचूप परत येऊन बसलो. माझी खोली आणि त्यांचं घर झाडायचं नाही, एवढं ठरवलं.

चार-पाच दिवसांनी गुंडेराव परतले. दिवस पानगळीचे. कोपऱ्यावर कडुलिंबाचं झाड होतं. गुंडेराव वळणावर आले आणि उभेच राहिले. या टोकापासून त्या टोकापर्यंत गल्ली पिवळ्या पाचोळ्यानं भरली होती. हाफिजाबीच्या दारात चिंध्या, किशनच्या घरापुढे चुलीतली राख आणि कोंडा. मीही त्या क्षणीच नीट पाहिलं. रोज त्यातूनच शाळेत जात होतो, पण माझं लक्ष माझ्या दोन घरांवर.

गुंडेरावांनी कचेरीचा आवाज लावला. "काय घान ही! कोन गेलंय गावाला?"

हाफिजाबी सुई-दोरा घेऊन दारात बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आप गए थे ना जी."

गुंडेरावांच्या हातातली पिशवी खाली आली. त्यांनी प्रत्येक दाराकडे पाहिलं. मग पाचोळा तुडवत ओट्यापर्यंत आले आणि बसले. आम्ही जमलो. नातू कसा आहे, सरू कशी आहे, लोक विचारत होते, आणि ते मलाच म्हणाले, "मास्तरा, अहमदपूरच्या अलीकडं चिंच व्हती ना?"

"होती. खाली हॉटेल."

"न्हाई रे. चिंच न्हाई, हाटेल न्हाई. नुसत्या बाभळी. मोटार थांबत बी न्हाई तिथं. समदी वाट माझ्या मनची. या गल्लीतलं एक मानूस म्या खऱ्या वाटंनं नेलं न्हाई."

 मग हाफिजाबीनं दोरा दातानं तोडला. "पहुंचे ना सब?"

"पोचले."

"बस फिर. आप को भी किसने रस्ता देखके ले गए? सबने मिलके अंदाज से ले गए."

तेव्हा एकेक बाहेर पडलं. हाफिजाबीनं त्यांना डायव्हरच्या शेजारी बसवलं होतं, धक्के लागू नयेत म्हणून. मी लोह्यापुढे हरवून पुन्हा शोधलं होतं. किशनच्या मायला विचारलं, तर ती म्हणाली, "म्या काय, सोनखेडाच्या झाडाखाली बसवून भाकर वाढली. दुसरं काय सुचतंय मला?"

गुंडेराव इतके हसले की टोपी पडली. मग उपरण्याच्या टोकानं डोळे टिपत त्यांनी पिशवी सोडली. आत सरूनं परतीच्या वाटेसाठी बांधून दिलेल्या दशम्या होत्या. पुरचुंडीची गाठ जशीच्या तशी.

"खाल्ल्या न्हाईत?" किशनची माय म्हणाली.

"जाताना बी न्हाई, येताना बी न्हाई. सोनखेड गेल्यापासून भूकच लागंना बघ पोरी," गुंडेराव म्हणाले, आणि एकेक दशमी मोडून आमच्या हातावर ठेवू लागले. किशनच्या मायनं तिचा तुकडा पदरात घेतला, घाईनं घराकडे वळली, आणि कितीतरी वेळ बाहेर आली नाही.